शंभरातल्या चाळीस

फादर तेलाची कुपी घेऊन घरी आले, तेव्हा कार्मेलिन मागच्या पडवीत पाटावर बसून कोलंबी सोलत होती. सून मेगन तिला बोलवायला आली आणि दारातच घुटमळली.

"मम्मी, फादर आलेत."

फादर एवढ्या दुपारचे कशाला आले असतील, असं मनात म्हणत कार्मेलिनने हात धुतले, लुगड्याचा पदर सारखा केला आणि पुढच्या खोलीत आली. पाहते तर टेबलावर पांढरं स्वच्छ कापड अंथरलेलं. त्यावर क्रूस, दोन पेटलेल्या मेणबत्त्या, बशीत कापूस. नवरा अल्फान्सो भिंतीला पाठ लावून उभा. मुलगा विल्सन कामाच्या दिवशी घरी, आणि नजर खाली. असं टेबल कार्मेलिनने एकदा स्वतःच्या हाताने मांडलं होतं, सासूसाठी. सासू त्याच आठवड्यात गेली.

"कोन मरतंय?" तिने विचारलं.

अल्फान्सोने विल्सनकडे पाहिलं.

"मी इचारते, या घरान कोन मरतंय?"

फादर तरुण होते, गावात नवे होते. ते गडबडले. "तसं नाही मावशी. हे आजाऱ्यांचं तेल. मरणाऱ्याचंच असतं असं काही नाही. माणसाला बळ यावं म्हणून..."

"तुमचं काय न्हाय चुकलं, फादर. तुमी बसा." मग ती मुलाकडे वळली. "विल्सन, तू सांग."

कार्मेलिन सदुसष्ट वर्षांची होती. उत्तनच्या भाटेबंदरला तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. अल्फान्सो होडीवर तांडेल होता तेव्हा त्याने आणलेले बोंबील ती सुकवायची. बांबूच्या उंच मांडवांवर, ज्यांना बंदरात वलांडी म्हणतात, दोन दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगायचे, ऊन-वाऱ्याचा अंदाज घेत उलटवायचे, धुकं यायच्या आत उतरवायचे. अल्फान्सोने समुद्र सोडला तरी तिने वलांडी सोडली नाही. दुसऱ्यांच्या होड्यांचा माल घेऊन सुकवत राहिली. आवाज असा, की किनाऱ्याच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची कुत्री उठून बसायची.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात तिला पहिल्यांदा लघवी लाल झाली. दुखलं नाही, खुपलं नाही. दुसऱ्या दिवशी साफ. बीट खाल्लं असेल, उन्हाळी लागली असेल, असं म्हणून तिने सोडून दिलं. पुन्हा झालं तेव्हा भाईंदरच्या एका डॉक्टरकडे गेली. त्याने जंतूंच्या गोळ्या दिल्या. "बायकांना होतं असं, पाणी प्या भरपूर," म्हणाला. गोळ्या खाल्ल्या की थांबायचं, महिना-दीड महिना गेला की पुन्हा यायचं. पुन्हा गोळ्या. कुणी पोटाची सोनोग्राफी करू म्हणालं नाही, आणि दुखत नव्हतं म्हणून तीही मागे लागली नाही. असं करता करता पावसाळा गेला, नाताळ गेला. मग एका सकाळी वलांडीखाली उभी असताना पोट गच्च झालं, लघवी होईना, आणि झाली तेव्हा रक्ताच्या गुठळ्या पडल्या. मेगनने तिला रिक्षात घालून मीरा रोडच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे सर्जनने दुर्बीण घातली, आतलं काहीतरी खरवडून काढलं, तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा सर्जनने विल्सनला केबिनमध्ये बोलावलं. कार्मेलिन बाहेर बाकावर बसली होती. विल्सन बाहेर आला, म्हणाला, "लघवीच्या पिशवीला जखम होती मम्मी. खरवडली. आता आराम करायचा."

तेव्हापासून घरात सगळे तिच्याशी गोड बोलत होते. अल्फान्सोने जन्मात कधी चहा केला नव्हता, तो चहा करायला लागला होता. आणि आता हे टेबल.

"कॅन्सर आहे," विल्सन म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "लघवीच्या पिशवीचा. डॉक्टर बोलला, पिशवीच्या मांसात घुसलाय. उजवी किडनी सुजलीय. तुझं वय, रक्त कमी, वजन उतरलंय. मोठं ऑपरेशन झेपणार नाही बोलला. फार तर वर्ष निघेल, त्यांना सुखात ठेवा, सांगू नका काही."

"आनि तू काय बोललास?"

"मी काय बोलणार?"

"माझ्या आईला इचारतो, असं बोलायचा व्हतास."

मेगन रडायला लागली. अल्फान्सो भिंतीवरून घसरत खालीच बसला. कार्मेलिनही घाबरली होती. पण त्या क्षणी भीतीपेक्षा मोठा होता तो राग. तिच्याच शरीरातली गोष्ट गावातल्या फादरला ठाऊक, सुनेला ठाऊक, नवऱ्याला ठाऊक. आणि ती पडवीत कोलंबी सोलत बसलेली.

ती टेबलासमोर खुर्ची ओढून बसली. "लावा फादर तेल. पन बरं व्हायचं तेल म्हनून लावा. दुसरं कनचं मना नको."

फादरनी तिच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. प्रार्थना संपली तशी ती उठली आणि विल्सनला म्हणाली, "उद्या दुसऱ्या डाक्टरकडं जायाचं. मी आत बसनार, तू बाहेर."

*

उद्या काही जमलं नाही. विल्सनने त्याच्या बँकेतल्या एका मैत्रिणीकडून नाव मिळवलं, पुढच्या आठवड्याची वेळ घेतली. बोरिवलीचं ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, आणि डॉक्टर रुचिता सामंत मूत्राशयाच्याच कॅन्सरचं ऑपरेशन करायच्या. चाळिशीच्या, किरकोळ बांध्याच्या, बोलायला तुटक. बाहेर रांग एवढी, की कार्मेलिनचा नंबर येईपर्यंत मेगनने आणलेला डबा संपला.

बाहेर बसायचं ठरलं होतं तरी विल्सन आत आलाच, अल्फान्सोही आला. डॉक्टरनी कागद चाळले आणि विल्सनकडे बघून बोलायला सुरुवात केली. कार्मेलिनने टेबलावर हात ठेवला.

"बाय, इकडं बगून बोल. पिशवी माझी हाय."

डॉक्टरनी मान वर केली. क्षणभर पाहिलं. मग खुर्ची थोडी वळवली आणि पुढचं सगळं तिच्याशी बोलल्या.

"कॅन्सर पिशवीच्या भिंतीतल्या मांसात शिरलाय. वरच्यावर असता तर खरवडून, औषध सोडून भागलं असतं. आता नाही भागणार. जात भडक आहे त्याची, भराभर वाढणारी. किडनीतून येणारी नळी जिथे पिशवीत उघडते, तिथेच गाठ बसलीय, म्हणून किडनी फुगलीय. ही खूण चांगली नाही. आणि उशीर झालाय. बायकांना बहुतेक वेळा उशीरच होतो, इन्फेक्शन इन्फेक्शन करत दिवस जातात."

"ह्ये सगलं माझ्या इरोधान. माझ्या बाजूनं काय हाय?"

डॉक्टरनी स्कॅन उजेडाला धरला. "बाहेर कुठे पसरलेला दिसत नाही. फुप्फुस, लिव्हर स्वच्छ. हृदय चांगलं आहे. साखर नाही. डावी किडनी झकास."

"आनि वय? तो डाक्टर बोलला, वय झालं."

"जन्मतारीख बघून मी ऑपरेशन ठरवत नाही. मला सांगा, जिना चढता? दमता?"

"वलांडीवर चढते मी," कार्मेलिन म्हणाली.

"कुठे?"

विल्सनने समजावून सांगितलं. डॉक्टरनी काहीतरी लिहिलं. "तंबाखू?"

सकाळ-संध्याकाळ कार्मेलिन मशेरी लावायची, भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, लग्नाआधीपासून. बंदरातल्या निम्म्या बायका लावायच्या. तिने सांगून टाकलं.

"मशेरीचं आणि या कॅन्सरचं नातं किती घट्ट आहे ते मला छातीठोक सांगता येणार नाही. विडी-सिगारेटचं मात्र पक्कं आहे. तो धूर रक्तात जातो, रक्तातून लघवीत, आणि लघवी पिशवीत तासन् तास साठून राहते. घरात कोण ओढतं?"

अल्फान्सो चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"दोन्ही बंद," डॉक्टर म्हणाल्या. "झालं ते झालं. पण जखम भरायला, केमो सोसायला, पुढे दुसरीकडे काही उगवू नये म्हणून, आजपासून बंद."

मग त्यांनी पुढचा रस्ता सांगितला. आधी पाठीतून किडनीत नळी घालायची, साचलेली लघवी बाहेर काढायची. किडनी सुधारली तरच चांगलं केमो देता येईल, नाहीतर हलकं द्यावं लागेल. केमोचे काही फेरे झाले की ऑपरेशन: लघवीची पिशवी, तिच्यासोबत गर्भाशय आणि आसपासच्या लसिकाग्रंथींच्या गाठी, ज्या सगळ्यांनाच असतात, काढायच्या. आतड्याचा तुकडा घेऊन पोटावर वाट करायची. त्या वाटेवर बाहेरून पिशवी चिकटवायची आणि लघवी तिच्यात जमणार. आयुष्यभर.

कार्मेलिनने एकच विचारलं, "माझ्यासारख्या शंभर बायका तुझ्याकडं आल्या, हे सगलं केलं, तर पाच वर्सांनी किती उरतील?"

"मम्मी, कशाला ते," विल्सन म्हणाला.

"चाळीस-पन्नास," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची किडनी फुगलीय म्हणून मी चाळीस धरीन. केमोला गाठ कशी दाद देते त्यावर आकडा वर-खाली होईल. ऑपरेशनमध्ये काढलेल्या त्या आसपासच्या गाठींमध्ये कॅन्सर सापडला तर बराच खाली जाईल. हे सगळं आत्ता कुणालाच माहीत नाही. मलाही नाही."

"आनि काय नाय केलं तर?"

"दोन वर्षंसुद्धा कठीण."

कार्मेलिनने मान हलवली. "चालीस काय कमी न्हाय. दोन होड्या भरून मान्सं झाली. चढायला जागा भेटते का, ती बगू."

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. मात्र लगेच म्हणाल्या, "होडीत बसायचं तर वजन वाढवा. रक्त वाढवा. रोज चाला. हे माझ्या हातात नाही, तुमच्या आहे."

सगळे गाडीत बसून घरी निघाले. काशिमिऱ्याला सिग्नल लागला तेव्हा विल्सन म्हणाला, "मम्मी, पोटावर पिशवी. लोक काय बोलतील, विचार केलास?"

"लोकांनी माझं पोट कदी बगितलंय रे?"

मागच्या सीटवर मेगनला रडता रडता हसू फुटलं.

*

मशेरी सोडणं हे केमोपेक्षा कठीण गेलं. घरी आल्या आल्या कार्मेलिनने डबी चुलीत उपडी केली आणि दुसऱ्या सकाळी पश्चात्ताप झाला. डोकं ठणकायचं, हिरड्या खाजायच्या, माणसं डोळ्यांसमोर नकोशी व्हायची. मेगनने लवंग दिली, बडीशेप दिली. तिने दोन्ही भिरकावली आणि मग मेगन शाळेत शिकवायला गेल्यावर वेचून तोंडात टाकली. अल्फान्सो होडीच्या आडोशाला जाऊन विडी ओढायचा. एकदा तो घरात शिरला तसा तिने नुसता वास घेतला आणि ताट उचलून आत गेली. दोन दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तो तिच्या पायाशी येऊन बसला.

"सोडतो गं. पन मना ओरडत जा. तू गप बसलीस की मना वाटतं, तू गेलीस."

मग ती त्याला इतकं ओरडली, की शेजारच्या घरात टीव्हीचा आवाज वाढवावा लागला.

पाठीतल्या नळीची पिशवी लुगड्याच्या आत बांधून ती रोज चौक गावाच्या टेकडीच्या रस्त्याने चालायला लागली. पहिल्या दिवशी वळणापर्यंतही पोचली नाही, दगडावर बसून ओकली. वाटेत बायका भेटायच्या. उत्तनला कुणी त्या रोगाचं नाव घेत नाही. "मोठा आजार" म्हणतात, नाहीतर नुसतं वर बोट दाखवतात. कार्मेलिन सरळ सांगायची, "लघवीच्या पिशवीचा कॅन्सर झालाय मना. आनि ऐक, तुना कदी लाल झाली, दुखलं नाय तरी, गोल्या खात बसू नको. पोटाचा फोटो काढ." एक-दोघी तिला टाळायला लागल्या. एक बाई मात्र संध्याकाळी मागच्या दाराने आली, कुजबुजत काहीतरी विचारून गेली, आणि कार्मेलिनने मेगनला तिच्याबरोबर सोनोग्राफीला धाडलं. त्या बाईला खडा निघाला. "देवाची कृपा," कार्मेलिन म्हणाली, "मना बी खडाच झाला असता तर काय बिगडलं असतं?"

किडनी सुधारली. डॉक्टरना हवं ते जोरकस औषध देता आलं. पण त्या औषधाने तिच्याकडून जे हिरावलं ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं: तिला मासळीचा वास सहन होईना. ज्या वासात ती जन्मली, ज्यात तिचं लग्न झालं, पोरं झाली, तो वास खिडकीतून आला की आतडी पिळवटायची. ती उशीत तोंड खुपसून पडून राहायची. केस गेले तेव्हा ती रडली नव्हती. एका दुपारी मेगनने ताजी सुरमई आणली आणि तिला उलटी झाली, तेव्हा मात्र ती लहान मुलीसारखी रडली.

"माझं नाकच मेलं गं," म्हणाली.

मेगनने सुरमई शेजारी देऊन टाकली. घरात महिनोन् महिने अंडी, कलेजी आणि पायांचं सूप शिजलं. कार्मेलिन नाक दाबून गिळायची. रक्त वाढतंय, असं डॉक्टर म्हणायच्या, तेव्हा परीक्षेत पास झाल्यासारखी ती बाहेरच्या रांगेकडे बघायची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सने पोटावर खूण करायला घेतली, वाट कुठे काढायची त्याची. "रोज काय नेसता ते नेसून दाखवा," नर्स म्हणाली. कार्मेलिनने लुगडं नेसलं, कासोटा घातला, कंबरेची गाठ मारली. वाकली, खाली बसली, दोन्ही हात वर करून उभी राहिली. पहिली खूण गाठीखाली दबली, दुसरी पोटाच्या वळीत शिरली. तिसरी जागा धरली. "हितं," ती म्हणाली, आणि शाईच्या त्या काळ्या ठिपक्यावर तिने आपलं बोट ठेवलं.

शस्त्रक्रियेला सकाळी नेलं ते संध्याकाळ होत आली तेव्हा बाहेर आणलं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा पोट चाचपलं. पारदर्शक पिशवीच्या आत पोटावर आतड्याचं एक लाल बोंड होतं, ओलं, चेरीसारखं. तिने ते बराच वेळ पाहिलं. किळस आली, मग दया आली. "बाल हाय," ती अल्फान्सोला म्हणाली. "अंग पुसाया लागंल याचं."

*

रिपोर्ट यायला दिवस लागले. आला त्या संध्याकाळी विल्सन एकटाच हॉस्पिटलात आला. कपाळावर घाम. तो तिच्या कॉटवर बसला, असा कधी बसत नसे.

"मम्मी, डॉक्टर उद्या सांगणार आहेत. पण मला आज कळलंय. मी आज सांगतो."

कार्मेलिनने उशी मागे सरकवली.

"केमोने गाठ खूप कमी झाली होती. पिशवीत थोडासाच उरला होता, तोही वरवर. ते चांगलं आहे. पण आजूबाजूच्या गाठी काढल्या त्यातल्या एकीत सापडला. एकीतच. बाकी सगळ्या साफ."

"म्हंजे चालीस ऱ्हायले न्हाय."

"नाही. कमी झाले. किती ते मी विचारलं नाही. उद्या तू विचार. आणखी एक औषध आहे म्हणाल्या, सुईतून देतात, शरीरालाच लढायला शिकवतं ते." तो थांबला. "मला भीती वाटतेय, मम्मी."

"मना बी वाटते," कार्मेलिन म्हणाली.

तिने त्याचा हात धरला. पहिल्यांदाच दोघं एकमेकांसमोर घाबरले, आणि दोघांना जरा हलकं वाटलं. त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी डॉक्टर आल्या तेव्हा तिने आकडा विचारला नाही. नव्या औषधाचं विचारलं, आणि घरी कधी सोडता ते विचारलं.

घरी आल्यावर कळलं, की तिच्या वलांडीवर तिची जाऊ सिसिलिया बोंबील टांगते आहे. विल्सननेच जागा दिली होती, आईच्याने आता कुठे होणार म्हणून. सिसिलिया वयाने धाकटी, तोंडाने वडील. दोघींचं कधी फार जमलं नव्हतं. कार्मेलिन अजून काठी टेकत चालत होती. ती किनाऱ्यावर गेली. वास आला, पण ती तोंड मिटून उभी राहिली.

"सिसिल, माझे बांबू मोकले कर."

"अगं, तू कशाला या फंदान पडतेस?" सिसिलिया म्हणाली. मग आवाज खाली आणून, पण आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल इतपत, "खायाची चीज हाय ही. पिशवी घेऊन माशाला हात लावशील?"

बायकांचे हात थांबले. कार्मेलिनने काठी वाळूत रोवली.

"पिशवी पोटावर हाय, सिसिल. हातावर न्हाय. तुझ्या पोटान बी हाय पिशवी, आनि ती तुना दिसत पन न्हाय. माझी मना दिसते, भरली की मी वतते, धुते, हात धुते. तू बोल, तू किती येला धुतेस?"

कुणीतरी फिसकन हसलं. सिसिलिया तणतणत निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी बांबू मोकळे होते.

कार्मेलिनला बोंबील टांगायला पुढचा हंगाम उजाडला. वर चढता येत नव्हतं. ते अल्फान्सो करायचा, आणि ती खालून ओरडायची. नाक हळूहळू परत आलं. आधी मीठ कळलं, मग वारा कळला, मग एका सकाळी सुक्या बोंबलाचा वास आला आणि तिला भूक लागली. दर काही आठवड्यांनी बोरिवलीला सुई घ्यायला जायचं, मधूनमधून स्कॅन. प्रत्येक स्कॅनच्या आधी ती चिडचिडी व्हायची, भांडी आपटायची. आतापर्यंतचे सगळे साफ निघाले होते. डॉक्टर म्हणायच्या, "आज साफ आहे. पुढचं पुढे." कार्मेलिन त्यावर वाद घालायची नाही.

*

ऑपरेशनला दीड वर्ष होऊन गेलं होतं तेव्हा सिसिलियाच्या नातीचं लग्न निघालं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, नवरीच्या आंघोळीसाठी घडे भरून आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. बँड असतो, नाच असतो, आणि घडे घराण्यातल्या थोरल्या बायका धरतात. कार्मेलिन घराण्यातली सगळ्यात थोरली.

सिसिलियाने तिच्यासाठी मांडवात गादीची खुर्ची ठेवली होती. "तू इथं बस. दमशील. घडा माझी भयीन घेईल."

"माझा घडा तुझी भयीन कनाला घेईल?" कार्मेलिन म्हणाली. सिसिलियाने हात झटकले.

मिरवणूक निघाली. बँडवाल्यांनी ढोल घुमवला, तुतारीवाल्याने गाल फुगवले. लाल लुगड्यांच्या, मोगऱ्याच्या वेण्यांच्या बायका हात वर करून नाचत उतारावरून निघाल्या. कार्मेलिन घडा काखेला लावून पुढे होती. आधी नुसती चालली, मग पावलं आपोआप पडायला लागली. विहिरीशी पोचल्या, घडे भरले, परत फिरल्या. भरलेला घडा जड होता, कंबरेवर दाबत होता. ती तशीच नाचत राहिली.

सिसिलियाच्या घराजवळ आल्यावर तिला मांडीवर काहीतरी ऊन लागलं. मग गुडघ्यापर्यंत. तिला लगेच कळलं. घड्याच्या दाबाने पिशवीची कड सुटली होती. लाल लुगड्यावर काळपट डाग पसरत चालला होता. मागच्या दोघी-तिघींनी पाहिलं आणि नजर वळवली. एका पोरीने नाकाला रुमाल लावला.

मेगन धावत आली, शाल तिच्या कंबरेभोवती गुंडाळायला लागली. "मम्मी, चला घरी. मी घडा घेते."

"घडा मेगनकडं दे," सिसिलियाही पुढे झाली होती. तिचा चेहरा पडला होता. आपल्या नातीच्या लग्नात हे काय, असं तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

कार्मेलिनचे कान तापले. क्षणभर वाटलं, खरंच जावं. मागच्या गल्लीने निघून जावं, कुणाला दिसू नये. दार लावून घ्यावं.

तिने घडा सिसिलियाच्या हातात दिला. "धर. हालू नको. बँडला सांग, थांबायचं न्हाय. मी आले."

आणि ती मागच्या गल्लीने गेली नाही. सिसिलियाच्याच घरात शिरली, मोरीत गेली. मेगनच्या पर्समध्ये नवी पिशवी असायचीच, ती तिने दारातून आत दिली. कार्मेलिनने जुनी काढली, कातडी धुतली, पुसली, वारा घातला, नवी पिशवी कड दाबून दाबून चिकटवली. हात सवयीचे होते. मग ओलं लुगडं सोडून मेगनची शाल कंबरेखाली गुंडाळली आणि मोरीच्या दारातून ओरडली, "सिसिल! तुझं लुगडं दे मना!"

बाहेर ढोल वाजतच होता. थोडा वेळ काही झालं नाही. मग दार लोटलं गेलं आणि सिसिलिया आत आली. घडा तिने मेगनकडे दिला होता. तिच्या हातात तिचं स्वतःचं, उद्याच्या लग्नासाठी इस्त्री करून ठेवलेलं जरीकाठाचं लुगडं होतं. कार्मेलिनच्या पोटावरची पिशवी तिने पहिल्यांदा पाहिली, आणि नजर न वळवता बघत राहिली.

"दुखतं काय?" तिने विचारलं.

"न्हाय."

"मग उभी ऱ्हा सरल." सिसिलियाने लुगड्याचं टोक तिच्या हातात दिलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून निऱ्या घालायला लागली. गाठ मारताना थांबली. "हितं मारू का वर?"

"वर. बोटभर वर."

दोघी बाहेर आल्या तेव्हा मिरवणूक दारातच घोळका करून नाचत होती. बँडवाल्याने दोघींना पाहिलं आणि तुतारीचा सूर चढवला. कार्मेलिनने मेगनकडून घडा घेतला, दुसऱ्या काखेला लावला आणि बायकांच्या मधोमध घुसली. रुमालवाली पोर बाजूला सरकली. कार्मेलिनने तिचं मनगट पकडलं आणि तिला ओढून आपल्या शेजारी घेतलं.

"नाच," ती म्हणाली. "उभी काय ऱ्हायलीस?"